एक्केचाळीस नंबरचा बिल्ला

ही गोष्ट मी आजवर तीनदा लिहायला घेतली आणि तिन्ही वेळा दुसऱ्याच कशावर तरी लिहून मोकळा झालो. एकदा तर शाळेच्या स्मरणिकेसाठी बसलो आणि प्रयोगशाळेच्या मोडक्या कपाटावर दोन पानं लिहून दिली. लोकांना ती आवडली. निवृत्तीच्या समारंभात नव्या जिल्ह्याच्या पहिल्या विज्ञान प्रदर्शनाचा विषय मीच काढला, टाळ्या घेतल्या आणि सांगायचं ते गिळून खाली बसलो. आता हात थरथरतो. पुढच्या वेळी अक्षर लागेल की नाही, भरवसा नाही. म्हणून घडलं तसं लिहितो. कुणाचं नाव घालत नाही. जिथं एक नाव घालायला हवं होतं तिथं मी ते घातलं नाही. आता इथं घालून काय भरून येणार आहे?

मी मूळचा मुदखेडकडचा, शेतकऱ्याच्या घरातला. नोकरी लागली ती चाकूरजवळच्या एका गावातल्या हायस्कुलात. शाळा खाजगी संस्थेची होती. मी विज्ञान शिकवत होतो आणि माझी कायम नेमणुकीची ऑर्डर संस्थेच्या सेक्रेटरींच्या सहीसाठी थांबली होती. हे आधीच सांगतो, कारण पुढच्या सगळ्याच्या मुळाशी तेच आहे.

त्याच वर्षी लातूर जिल्हा वेगळा झाला. तोवर आम्ही उस्मानाबादेत होतो. जिल्ह्याचं काम निघालं की भाकरी बांधून, मुक्कामाच्या तयारीनं जावं लागे. आता सकाळी लातूरला जाऊन संध्याकाळी परत. कचेऱ्यांच्या पाट्यांवरचा रंग अजून ओला होता. पण कागद सगळे जुन्या जिल्ह्यात अडकलेले. रेशनकार्ड असो, जातीचा दाखला असो की फेरफार, उत्तर ठरलेलं: ‘कागद अजून तिकडंच हाय.’ चहाच्या हॉटेलात एकजण म्हणायचा, “माजी सासूबी तिकडंच ऱ्हाऊ द्या म्हणावं, तिची बदली नको.” सगळे हसत. मीही हसे. ‘कागद तिकडंच’ हे वाक्य पुढं मी कशासाठी वापरणार आहे, ते तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

दहावीच्या वर्गात एक मुलगी होती. विहाराच्या मागं बौद्धांची वस्ती, तिथली. बाप लहानपणीच गेलेला, घरी ती आणि तिची माय. बहात्तरच्या दुष्काळात ही चार-पाच वर्षांची होती. माय पाझर तलावाच्या कामावर होती. त्या कामावर हजेरीसाठी मुकादमानं प्रत्येक मजुराला लोखंडी पत्र्याचा गोल बिल्ला दिला होता. त्यावर ठोकून उमटवलेला आकडा आणि दोरी ओवायला एक भोक. सकाळी बिल्ला दाखवला की हजेरी लागायची. काम बंद झालं तेव्हा बिल्ले कुणी परत मागितले नाहीत. वस्तीतल्या बायकांनी ते टाकून दिले नाहीत. कुणी किल्ल्यांच्या जुडग्यात ओवला, कुणी डब्यात ठेवला.

प्रदर्शनासाठी काहीतरी करून आणा, असं मी वर्गात सांगितलं होतं. बाकीच्यांनी पुठ्ठ्याची धरणं आणली. ही एके दिवशी मधल्या सुट्टीत आली आणि टेबलावर रुमाल सोडला. आत तसले दहा बिल्ले होते. चिंच आणि राखेनं घासून लखलखीत केलेले. कोऱ्या बाजूवर तांबूस रेघांनी काढलेली चित्रं होती.

“हे काय?”

“पोरींनी छातीला लावायचे बिल्ले, सर. शास्त्रज्ञ बायांचे.”

“आणि ह्या रेघा कशानं काढल्यास?”

“तुमच्याच परयोगानं. लोखंडाचा खिळा मोरचुदाच्या पाण्यात बुडवला की तांबं चढतं, न्हाई का? म्या पत्र्यावर मेणबत्तीचं मेण चढवलं, दाभणानं चित्र कोरलं अन् बुडवलं. जिथं मेण निघालं तिथंच तांबं बसलं.”

मी तो प्रयोग सात वर्षं शिकवत होतो. खिळा बुडवायचा, लाल झालेला दाखवायचा आणि फळा पुसायचा. त्यातून असं काही निघेल हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

पहिल्या बिल्ल्यावर रेडियम शोधणारी बाई होती, पाठ्यपुस्तकातल्या चित्रावरून काढलेली. दुसऱ्यावर समुद्रापार जाऊन डॉक्टर झालेली आपली बाई. तिसऱ्यावर एक म्हातारी, हातात दोरा.

“ही कोण?”

“आमच्या वस्तीतली सुईण. नाळ कापायच्या आधी पातं जाळावर धरती, दोरा उकळून घेती. पुस्तकात एकच बाई हाय सर. दुसरी तुम्ही सांगितलेली. पुढं कुणी घावंनाच. मग म्या आमच्यातल्याच धरल्या.”

एकीच्या हाती ज्वारीचं कणीस होतं. ती म्हणे शेताच्या मधलीच कणसं बियाण्याला निवडायची आणि राखेत ठेवायची. अशा आठ जणी. शेवटच्या बिल्ल्यावर बाईचा चेहरा नव्हताच. विहिरीचा गोल काठ, त्यात दोरीला लोंबणारा कंदील.

“ही माजी माय.”

दुष्काळात विहिरी खोल करायची कामं चालली होती. खोल, बंद विहिरीत वाईट हवा साचते, माणूस उतरला की गुदमरतो. तिची माय कुणालाही उतरू देण्याआधी पेटता कंदील दोरीनं खाली सोडायची. विझला की वर ओढायचा, लिंबाच्या डहाळ्यांचा भारा दोरीला बांधून खालवर करायचा, हवा घुसळायची आणि परत कंदील सोडायचा. मुकादम वेळ जातो म्हणून शिव्या द्यायचा. ती दोरी सोडायची नाही.

मी म्हणालो, “हा अनुभव झाला. याला विज्ञान नाही म्हणत.”

ती म्हणाली, “तुम्हीच सांगितलं सर, बघायचं, अंदाज बांधायचा अन् पुन्हा करून बघायचं. मायनं तीन-तीनदा करून बघितलं.”

मी विषय बदलला. आकड्यांकडे वळलो. पत्र्याच्या पाठीमागून ठोकलेला आकडा चित्राखाली उलटा उठून दिसत होता. मी म्हणालो, हातोडीनं सपाट कर. पाहुणे येणार, दुष्काळी कामाचे बिल्ले कशाला दाखवायचे? मला तो आकडा लाजिरवाणा वाटला. तिनं नऊ बिल्ले सपाट केले. मायच्या बिल्ल्याला हात लावला नाही.

“हा ऱ्हाऊ द्या सर. एक्केचाळीस. मायला एवढाच आकडा वाचता येतो.”

प्रदर्शनाच्या आदल्या आठवड्यात माय शाळेत आली होती, पोरीला लातूरला न्यायची परवानगी द्यायला. उंच, काटक बाई. व्हरांड्यात बसली, आत यायला तयार नाही. मी गमतीनं तिचा बिल्ला शर्टाला लावून दाखवला.

“गुरुजी, काढा तो,” ती पदर तोंडाला लावून म्हणाली, “मुकादम येईल कुठून तरी अन् तुमची हजेरी लावून खडी फोडायला बसवील.”

“बसेन की.”

“हाव, बसाल! एका तासात हाताला फोड येतील. मग पोरायची वही कोण तपासणार?” मग हसणं थांबवून म्हणाली, “हिला नांदेडला पाठवायचं हाय, सायन्सला. तिथलं पोरींचं एक वसतिगृह हाय, जिल्ह्याचं विज्ञानाचं प्रमाणपत्र असंल तर जागा देतं म्हणं. माजी बहीण हाय तिथं, पर एका खोलीत सात माणसं. तिथं पोरगी कुठं ठिवू? तेवढं कागदाचं बघा, गुरुजी.”

“बघतो,” मी म्हणालो. तेव्हा मी खरंच बघणार होतो.

दोन दिवसांनी सेक्रेटरींनी बोलावलं. त्यांची पुतणी त्याच वर्गात होती. त्यांनी पान लावत लावत सांगितलं, “नव्या जिल्ह्यात आपल्या शाळेचं नाव पहिल्यांदा निघणार, सर. बोलायला पोरगी जरा चांगली न्या. आमची आहे की. ती दुसरी बी येऊ द्या, सामान धरायला.” पुढं माझ्या ऑर्डरबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. बोलायची गरजच नव्हती.

तेव्हा मी ‘फॉर्मवर दोघींची नावं टाकतो’ एवढं तरी म्हणायला हवं होतं. मी “बरं साहेब” म्हणालो आणि त्यांनी पुढं केलेलं पान खाल्लं.

लातूरला आम्ही एसटीनं गेलो. बिल्ल्यांचा खोका ते करणाऱ्या मुलीच्या मांडीवर होता. दाराशीच नोंदणीचं टेबल होतं. फॉर्मवर विद्यार्थ्याच्या नावासाठी एकच ओळ होती. दोन नावं दाटून बसली असती. मागं उभ्या असलेल्या मास्तरानं तशी बसवलेलीही मी पाहिली. मी एकच नाव लिहिलं, पुतणीचं. ती खोका घेऊन दोन पावलं मागं उभी होती. तिनं विचारलं, “सर, दोघींचं नाव घातलं ना?”

“हो,” मी म्हणालो.

मग टेबल मांडून झालं. तिनं मायचा बिल्ला उचलला. “हा तुम्ही लावा सर. लोक विचारतील, मंग तुम्हाला सांगता येईल.” पिन तिनंच भोकातून ओवून दिली. मी तो खिशावर लावला.

परीक्षक दोघे आले. पुतणी पाठ केलेलं छान बोलली. त्यातले वयस्कर होते त्यांनी माझ्या खिशाकडे बोट दाखवून विचारलं, “हा कंदील कशासाठी?” पुतणी अडखळली. तिला ते पाठ नव्हतं. ती मागं वळून म्हणाली, “हिला विचारा ना सर, हे सगळं हिनंच...” आणि माझ्याकडे बघून थांबली. पण तोवर ही पुढं झाली होती. विहीर, हवा, कंदील, लिंबाचा भारा, सगळं तिनं आपल्या बोलीत सांगितलं. ज्योत कशानं विझते तेही सांगितलं. परीक्षकांनी चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं आणि मला विचारलं, “ही मुलगी कोण?”

तिच्या मायचा बिल्ला माझ्या छातीवर होता. मी म्हणालो, “मदतीला आणली आहे, सामान धरायला.”

तिनं ऐकलं. टेबलावरचे बिल्ले उगीचच सरळ केले.

आमचा पहिला नंबर आला. प्रमाणपत्र महिन्याभरानं पोस्टानं आलं, त्यावर एकच नाव. सेक्रेटरींनी ते चौकटीत बसवून बैठकीत लावलं. माझी ऑर्डर त्याच आठवड्यात निघाली.

तिनं मला वर्गात विचारलं नाही. मायच आली.

“गुरुजी, हिचा कागद?”

मी म्हणालो, “लिहिणाऱ्याची चूक झाली. एक नाव गळालं. दुरुस्तीला टाकलंय.”

“कधी येईल?”

“नवा जिल्हा आहे, माय. कागद अजून तिकडंच आहे. उस्मानाबादेत.”

तिनं मान हलवली. तिचं रेशनकार्डही तिकडंच होतं. तिला हे पटलं. नव्या जिल्ह्यानं मला इतकी सोयीची थाप आयती दिली होती की ती मारताना जीभसुद्धा अडखळली नाही. मी ती फेब्रुवारीत मारली, होळीनंतर मारली, परीक्षेनंतरही मारली. दर वेळी ती म्हणायची, “बरं गुरुजी, तुम्ही बघून राहिलात, मग मला घोर न्हाई.” हे वाक्य मी अजून ऐकतो.

दहावीचा निकाल लागला. पोरगी शाळेत पहिली आली. वसतिगृहाचे अर्ज चालू झाले. माझ्या तोंडून चौथ्यांदा तेच ऐकल्यावर माय दुसऱ्या दिवशी कुणाला न सांगता एसटीत बसली आणि लातूरला गेली. कचेरीत दिवसभर बसली. शेवटी एका कारकुनाला दया आली, त्यानं प्रदर्शनाची फाईल काढली आणि फॉर्म तिच्यासमोर धरला. तो म्हणाला, बाई, इथं काही गळालं नाही, शाळेनं एकच नाव दिलंय. आणि ही फाईल पहिल्यापासून इथंच आहे, हे प्रदर्शनच नव्या जिल्ह्याचं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती शाळेत आली. या वेळी व्हरांड्यात बसली नाही. प्रयोगशाळेच्या दारात उभी राहिली.

“गुरुजी, लिवता वाचता येत न्हाई मला. पर अक्षर वळखते म्या. पोरीच्या वह्या रोज झाडून ठेवते. त्यात लाल शाईनं तुम्ही लिवलेलं असतं. त्या कागदावरचं अक्षर तुमचं हाय.”

मी उठून उभा राहिलो. खोटं बोलायला आता काही उरलं नव्हतं.

ती म्हणाली, “पहिल्याच दिवशी सांगितलं असतं, की गुरुजी भ्याले, तर म्या दुसरीकडं पाय घासले असते. तुम्ही मला पाच महिने थांबवून ठिवलं.”

प्रदर्शनापासून माझ्याकडेच राहिलेला तिचा बिल्ला मी खिशातून काढून तिच्यापुढं धरला. दुसरं काय करावं सुचलं नाही. तिनं तो हातात घेतला, अंगठा आकड्यावरून फिरवला आणि परत माझ्या टेबलावर ठेवला.

“ऱ्हाऊ द्या. आता तुम्हीच लावा.”

अर्जाची मुदत आदल्याच दिवशी संपली होती.

मुलगी नांदेडला गेली नाही. दोन वर्षांनी तिचं लग्न झालं, किनवटकडच्या घरात. पुतणीचंही त्याच उन्हाळ्यात लग्न लागलं होतं. त्या प्रमाणपत्राचा तिला कधी काडीचा उपयोग झाला नाही. ते बैठकीतल्या भिंतीवर पिवळं पडत गेलं. मी मात्र तीस वर्षं नोकरी केली. आदर्श शिक्षक म्हणून तालुक्यात सत्कारही झाला. सत्काराच्या दिवशी खिशाला लावायला फूल दिलं, ते मी हातात धरून ठेवलं. पत्नीनं विचारलं, लावत का नाही? टाचणी टोचते म्हणालो.

निवृत्तीनंतर मी मुदखेडला परत आलो. एका जुन्या विद्यार्थ्याकडून कळलं की ती इस्लापूरजवळ एका वाडीत अंगणवाडी चालवते. मुदखेडहून तिकडं रेल्वे जाते. तिकीट काढायला मला दोन वर्षं लागली. शेवटी एकदा बसलो. बिल्ला खिशात होता. गाडीत चार वाक्यं जुळवली आणि ती परत परत म्हणत गेलो.

अंगणवाडीच्या अंगणात सात-आठ मोठ्या मुली बसल्या होत्या, शाळा सुटल्यावर येणाऱ्या. प्रत्येकीच्या फ्रॉकला डब्याच्या झाकणाचा गोल बिल्ला. रंगानं काढलेली चित्रं. काही बाया मी ओळखल्या, काही ओळखता आल्या नाहीत. एका मुलीच्या बिल्ल्यावर विहीर आणि कंदील होता.

“ही कोण गं?” मी विचारलं, जसं मला माहीतच नाही.

“बाईंची माय. तिच्यापायी किती माणसं वाचली, माहिती हाय का?” मुलगी म्हणाली. “तुम्ही कोण?”

तेवढ्यात ती स्वतः बाहेर आली. केस पांढरे झाले होते. मला बघून ती थांबली आणि मग म्हणाली, “सर, बसा.” खुर्ची स्वतः पुसून दिली. चहा केला. मायची विचारपूस मी केली.

“माय गेली सर. चार वर्षं झाली.”

म्हणजे मी तिकिटाला उशीर करत होतो तेव्हाही ती नव्हतीच. तरी ती दोन वर्षं मला तेव्हापासून जास्त जड झाली.

आम्ही पावसाचं बोललो, मुलांच्या शाळेचं बोललो. तिचा एक मुलगा नांदेडात शिकत होता, विज्ञानच. कप खाली ठेवताना ती जरा हसली आणि म्हणाली, “सर, तो कागद आला का हो तिकडून?”

तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. तिनं ती थट्टाच केली होती, जुन्या ओळखीची. माझ्यासाठी दार उघडून दिलं होतं. मला फक्त आत पाऊल टाकायचं होतं. आणि मी हसलो. चहाच्या हॉटेलात हसायचो तसाच. म्हणालो, “गाडीची वेळ झाली.”

ती मला वाटेपर्यंत सोडायला आली. माझा हात सबंध वाटभर खिशात होता, बिल्ल्यावर. चित्रातलं तांबं माझ्या बोटांनी कधीच घासून गेलं आहे. आकडा मात्र तसाच आहे, बोटाला लागतो.

ती आहे अजून. गाडीही रोज जाते. माझे गुडघे आता पायऱ्या चढू देत नाहीत, पण हे कारण मी पुन्हा पुढं करणार नाही. गुडघे धड होते तेव्हाही मी गेलो नव्हतो, आणि गेलो तेव्हा बोललो नव्हतो. गाडीत जुळवलेली ती चार वाक्यं तेवढी इथं उतरवतो.

पोरी, कागद कधीच तिकडं नव्हता. तो माझ्यासमोर होता, पेन माझ्या हातात होतं, आणि तुझं नाव लिहायला जागा होती. तू सामान धरायला आली नव्हतीस, सामान धरायला मी आलो होतो. तुझी आणि तुझ्या मायची मी माफी मागतो.